शिट्टीबाईंची दिलजमाई

कवायतीच्या बाईंना आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं एक नाव होतं, पण ते कचेरीतल्या कागदांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. पाचवी ते आठवीची पोरं, त्यांचे आईबाप, शिपाई, फाटकासमोरचा वह्या विकणारा, सगळ्यांसाठी त्या शिट्टीबाई. नवरासुद्धा त्यांना शिट्टीबाईच म्हणायचा, फक्त त्या घरात नसताना. आवाज असा, की जेवताना मीठ मागितलं तर शेजारचा माणूस बरणी घेऊन दारात हजर. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गरीब गृहस्थ, कमी बोलणारा. आता तो मुळातच कमी बोलणारा होता, की लग्नानंतर त्याला बोलायला जागाच उरली नाही, यावर गल्लीत दोन मतं आहेत.

बाईंचा राग मात्र अस्सल. कुठे अन्याय दिसला की तळपायाची आग मस्तकात. रांगेत मधेच घुसणाऱ्या धटिंगणाला त्यांनी दंडाला धरून मागे नेऊन उभं केलेलं लोकांनी पाहिलंय. म्हणून तर पुढची हकीकत सांगताना जास्त चीड येते. हे सगळं एखाद्या पेंगणाऱ्या मास्तराच्या तासाला घडलं असतं, तर कपाळावर हात मारून सोडून देता आलं असतं. घडलं ते शिट्टीबाईंच्या डोळ्यांदेखत. नुसतं डोळ्यांदेखत नव्हे, त्यांच्या शिट्टीवर.

बाईंची एक रीत होती, तिचं नाव दिलजमाई. मैदानावर कोणाचं जुंपलं की बाई शिट्टी फुंकायच्या, सगळ्या पोरांना गोल उभं करायच्या आणि भांडणाऱ्या दोघांना मधे घ्यायच्या. कोणी सुरू केलं, कोणाचं चुकलं, काही विचारायचं नाही. "मी कोर्ट उघडलेलं नाही! हात मिळवा!" दोघांनी हात मिळवायचे, भोवतीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, टाळ्या थांबेपर्यंत हात सोडायचे नाहीत. मिटलं! शाळेत कोणी पाहुणा आला की मुख्याध्यापक त्याला हा प्रकार कौतुकानं सांगायचे, आणि बाई तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकायच्या.

दुसरा नियम चुगलीचा. "बाई, तो बघा ना," असं कोणी सुरू केलं, की आधी त्यालाच मैदानाला फेरी. का, तर बाईंना चुगल्या आवडत नाहीत! हीच बाई शिक्षकखोलीत चहाचा कप हातात आला की कोणाच्या सुनेनं माहेरी काय सांगितलं आणि कोणाची बदली कशामुळे झाली, ते सगळं मीठमसाला लावून सांगायची. मोठ्यांनी केलं की त्या गप्पा, पोरानं तोंड उघडलं की चुगली. अशी आपली न्यायबुद्धी.

आता सातवीतल्या दोघांकडे येऊ. एक कॅप्टन. देखणा, चुणचुणीत, मोठ्यांशी बोलताना मान थोडी झुकवणारा, न सांगता चटया उचलून ठेवणारा. बाईंनी त्याला संघाचा कॅप्टन केला तेव्हा एकाही शिक्षकाला नवल वाटलं नाही. पोरांनाही वाटलं नाही, पण त्यांची कारणं वेगळी होती.

दुसरा भुंगा. काटकुळा, जाड चष्म्याचा. गणित सोडवताना त्याला आपल्याच तंद्रीत गुणगुणायची सवय, म्हणून भुंगा. नाव कॅप्टननं ठेवलं. ठेवलं तेव्हा सगळे हसले, भुंगाही हसला. थट्टाच होती. पण थट्टा एक दिवस होते, दोन दिवस होते. ही रोज व्हायला लागली. भुंगा उत्तर द्यायला उभा राहिला की वर्गातून आवाज यायचा, "ऊंऽऽऽ". सगळ्यांची तोंडं मिटलेली, नजरा पुस्तकात, आणि आवाज चहूकडून. गणिताचे सर म्हणायचे, "तो पंखा दुरुस्त करून घ्या रे कोणी." पंखा बिचारा बंद असायचा. एवढं शिकलेलं माणूस, पण मान वर करून बघेल तर शपथ! भुंग्यानं गुणगुणणं केव्हाच सोडलं होतं. पुढे त्यानं उत्तर द्यायला उठणंही सोडलं. प्रगतिपुस्तकात शेरा आला: 'वर्गात सहभाग कमी.' वा रे शेरा!

एका मधल्या सुट्टीत कॅप्टननं आणि त्याच्या दोन चेल्यांनी भुंग्याचे बूट नळाखाली धरले. भुंग्यानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कॅप्टनला ढकललं. आणि नेमकं तेवढंच शिट्टीबाईंनी पाहिलं.

शिट्टी वाजली. गोल झाला. "हात मिळवा!"

कॅप्टननं हसून हात पुढे केला. भुंग्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हात दिला. टाळ्या सुरू झाल्या. कॅप्टन हसतच होता. भुंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ घट्ट मिटले, पण तोंडातून शब्द नाही. बाई भारावल्या. "बघा!" त्या सगळ्यांना म्हणाल्या, "याला म्हणतात मन साफ होणं! आणखी वाजवा टाळ्या!"

पोरांनी आणखी वाजवल्या. त्या दुपारी बाईंनी हा प्रसंग शिक्षकखोलीत रंगवून सांगितला. रात्री जेवताना नवऱ्यालाही सांगितला. तो फक्त म्हणाला, "ढकललं का होतं पण त्यानं?"

"अहो, तेच तर विचारायचं नसतं!" बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पुढे काही दिवसांनी बाई खेळाच्या सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होत्या. खिडकीबाहेर पाचवीची पोरं खेळत होती. एका मुलीनं सदऱ्याखाली स्वेटर कोंबून पोट केलं होतं, दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी मारत होती आणि कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "मी कोर्ट उघडलेलं नाही! हात मिळवा!"

बाईंना हसू आवरेना. नक्कल हुबेहूब होती, पोट सोडून. पोट जरा जास्त दाखवलंय, असं त्यांचं मत पडलं. मधे दोन पोरं हात मिळवून उभी होती, बाकीची टाळ्या पिटत होती. मग बाईंच्या लक्षात आलं, की त्या दोघांतला एक हळूहळू वाकतोय. दुसरा त्याचा अंगठा उलटा पिरगाळत होता. वाकणारा लालबुंद झाला आणि ओरडला, "आई गं!"

"हरला! हरला!" सगळे नाचायला लागले. "आता माझी पाळी!"

बाईंच्या हातातला पंप तसाच राहिला.

"ए पोटवाली बाई! इकडे ये."

मुलगी खिडकीशी आली. स्वेटर काढायचंही तिला सुचलं नाही.

"हा कसला खेळ?"

"दिलजमाई, बाई. टाळ्या थांबायच्या आधी जो 'आई गं' म्हणेल तो हरला."

"कोणी शिकवला?"

"सगळेच खेळतात. आम्ही खोटं खोटं खेळतो. सातवीतला कॅप्टनदादा खरं खरं खेळतो."

"कोणाशी?"

मुलगी बुटांकडे बघायला लागली. "भुंग्यादादाशी. जिन्याखाली पण खेळतात, तुम्ही नसलात तरी. भुंग्यादादा कधीच हरत नाही, बाई. तो 'आई गं' म्हणतच नाही."

"अगं मग मला येऊन सांगायला काय झालं होतं?"

मुलीनं मंद माणसाला समजावून सांगतात तसं सांगितलं, "चुगली केली की फेरी मारायला लागते ना, बाई."

अख्ख्या शाळेला माहीत! पाचवीच्या चिमुरड्यांनी त्याचा खेळ करून नियमसुद्धा बसवले, आणि ज्यांना शाळा चालवायची म्हणून नेमलंय त्यांना मात्र पत्ता नाही. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, आणि बायकोला हातभर अंतरावरचं दिसलं नाही. भुंग्याच्या डोळ्यांतलं ते पाणी मन साफ झाल्याचं नव्हतं. पोराचा अंगठा निखळायला आला होता आणि बाई आणखी टाळ्या मागत होत्या.

आता शहाण्या माणसानं थोडं थांबून विचार केला असता. पण मग त्या शिट्टीबाई कसल्या? तडक सातवीच्या वर्गात घुसल्या. गणिताचा तास चालू होता.

"भुंग्या! ऊठ!" बाई गरजल्या. आपण त्याला कोणत्या नावानं हाक मारतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "सांग सगळ्यांसमोर! कोण पिरगाळतं तुझा हात?"

मुलगा उभा राहिला. उजवा हात त्यानं पाठीमागे नेला. "कोणी नाही, बाई. दारात सापडला होता."

"घाबरू नकोस! मी आहे!"

"कोणी नाही, बाई."

मागून कुठूनतरी अगदी बारीक आवाज सुरू झाला, "ऊंऽऽऽ". बाई गर्रकन वळल्या. सगळी तोंडं मिटलेली. कॅप्टन उठला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "बाई, त्याला बरं वाटत नाहीये का? मी पाणी आणून देऊ?"

दुसऱ्या दिवशी भुंगा शाळेत आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

रात्री बाई ताटातला भात नुसता चिवडत बसल्या. नवऱ्यानं ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाईंनी सगळं सांगितलं.

"तू सगळ्यांसमोर विचारलंस?"

"मग काय कानात विचारू?"

"हो," नवरा म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्यानं पाणी प्यायलं आणि, त्याच्या मानानं, भाषणच केलं. "दुकानात एखादं पोर तपासायला आलं की मी आधी त्याच्या आईला बाहेर बसवतो. आईसमोर पोरांना सगळी अक्षरं दिसतात."

बाईंनी मान हलवून ते कबूल केलं. लग्नानंतर हे पहिल्यांदाच, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेल्या. आई बँकेत काउंटरवर बसणारी, नुकतीच घरी आलेली, पर्स अजून खांद्याला. "रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात पोटाला काही झालेलं नाही. मग मला वाटलं, आळस करतोय. मी ओरडले त्याला, बाई."

बाई मुलाला घेऊन इमारतीच्या जिन्यात बसल्या. हळू बोलायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. वरच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं, तेव्हा त्यांनी वर बघून असे काही डोळे वटारले की दार लागलं.

"आधी एक सांग. तुला काय म्हणायचं मी?"

मुलानं आपलं नाव सांगितलं. बाईंनी ते पुटपुटून पाहिलं. तेव्हा आपणही इथून पुढे त्याला नुसता मुलगाच म्हणू. त्याचं नाव त्याच्यापाशी राहू दे.

मग तो बोलला. बाईंकडे न बघता, कठड्याचा रंग नखानं खरवडत. आवाजाचं बोलला, बुटांचं बोलला, संघ निवडताना कॅप्टन सगळ्यांत शेवटी त्याला घेतो आणि नाक धरून घेतो, ते बोलला. शेजारी बसणाऱ्या मित्रानं बोलणं सोडलं नव्हतं, पण आता तो फक्त शाळेबाहेर बोलत होता.

"आईला का नाही सांगितलंस?"

"आई शाळेत आली असती."

"मग बरंच झालं असतं की!"

"मग तुम्ही पुन्हा दिलजमाई केली असती."

बाईही कठड्याचा रंग खरवडायला लागल्या. मग त्यांनी विचारलं, "शाळेत यायचंय का तुला?"

"यायचंय. माझ्याच वर्गात. पण त्याच्याबरोबर नाही."

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक बसली. मुख्याध्यापक म्हणजे होईलसर. छप्पर गळतंय? होईल. संगणक बंद पडलेत? होईल. माणूस वाईट नव्हता. नुसता चांगला होता, आणि अशा नुसत्या चांगल्या माणसांच्या कृपेनंच दांडगटांचं फावतं. एका बाजूला मुलगा आणि त्याची आई. दुसऱ्या बाजूला कॅप्टन आणि त्याचे वडील. वडील दातांचे डॉक्टर, हसतमुख, आल्याआल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणारे.

"होईल, सगळं नीट होईल," सर म्हणाले. "मी असा विचार केलाय, की याला दुपारच्या सत्रात घालू. तिकडची मुलं शांत आहेत. याला त्रास नको आणि कोणाला बोल नको."

"म्हणजे ज्यानं मार खाल्ला त्यानंच सामान उचलायचं?" बाई म्हणाल्या. कचेरीतला कारकून दारातून डोकावला.

"बाई, हळू. मार कसला, मुलं आहेत ती."

"तेच म्हणतो मी," डॉक्टर हसले. "मॅडम, आम्हीसुद्धा या वयात एकमेकांना बदडलंच की. काय बिघडलं? उलट घट्ट झालो."

"तुम्ही बदडत होतात की बदडून घेत होतात?"

"म्हणजे?"

"दोघांतले तुम्ही कोण? एवढंच विचारते. कारण बदडणाऱ्याला ते सगळं फार गोड आठवतं."

डॉक्टरांचं हसू जाग्यावरच होतं, पण त्यातली हवा गेली. ते कॅप्टनकडे वळले. "चल रे, सॉरी म्हण त्याला. हात मिळव आणि संपव."

कॅप्टन उठला. मान थोडी झुकवली. "सॉरी हं," असं अगदी गोड म्हणाला आणि हात पुढे केला. होईलसरांनी सुटकेचा निःश्वास टाकत बाईंकडे पाहिलं. या कामातल्या वाकबगार त्याच ना!

मुलानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. आई दबक्या आवाजात म्हणाली, "दे रे बाळा, सॉरी म्हणतोय तो."

"नाही देणार तो," बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"हा हात मीच याच्या गळ्यात मारला होता. भर मैदानात, शिट्टी वाजवून. दोघं भांडले असते तर गोष्ट वेगळी. हे भांडण नव्हतं. एकजण रोज छळत होता, दुसरा रोज सोसत होता, आणि मी दोघांना एका मापानं मोजलं. आता पुन्हा तेच करायचं असेल, तर मला आधी घरी पाठवा."

"तुम्ही माझ्या मुलाला गुन्हेगार ठरवताय," डॉक्टरांचा आवाज चढला.

"गुन्हेगार म्हणालं का कोणी? बारा वर्षांचं पोर आहे. त्याला वेळेवर कोणीतरी 'पुरे' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, तुम्ही म्हटलं नाहीत, सरांनी तर पंख्यावर ढकललं." गणिताचे सर तिथे नव्हते, पण निरोप पोचला असणार. "मग ते पोर शिकलं, की मोठ्यांसमोर गोड हसलं की काहीही चालतं. आज त्याला थांबवलं नाही, तर उद्या तुमचाच घास घेईल."

कॅप्टनचा हात अजून पुढेच होता. बाई त्याच्याकडे वळल्या, आणि या वेळी खरोखरच हळू बोलल्या. "हात खाली घे, बाळा. तू आता कॅप्टन नाहीस. दुपारच्या सत्रात तू जाणार. आणि रोज शाळा सुटली की माझ्याकडे यायचंस, शिक्षा म्हणून नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. एकट्याशी."

त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील घड्याळाकडे बघत होते. पहिल्यांदाच त्या पोराचा चेहरा बारा वर्षांचा दिसला.

"हे... होईल," सर म्हणाले, "म्हणजे पुढच्या महिन्यात बघू..."

"आत्ता," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत अशा रुतून बसल्या की त्यांना उठवायला क्रेन लागली असती. सरांनी घसा खाकरला, पाणी प्यायलं, पुन्हा खाकरलं. शेवटी घंटा वाजवून कारकुनाला बोलावलं आणि कॅप्टनच्या सत्रबदलाचा कागद करायला सांगितलं. डॉक्टर संस्थेकडे तक्रार करतो म्हणून तरातरा निघून गेले. केलीही. तिची चौकशी झाली, बाईंना समज मिळाली, आणि शिक्षकखोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

दिलजमाई बंद झाली. प्रार्थनेनंतर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की कोणाला त्रास होत असेल, किंवा होताना दिसला असेल, तर सामानाच्या खोलीत एकट्यानं येऊन सांगायचं. फेरी कोणालाही मारावी लागणार नाही. त्यांना वाटलं, एखाददुसरं येईल. मधल्या सुट्टीत दाराबाहेर पोरं अशी जमली, की बाईंना धड हवा भरता येईना. कॅप्टनचा एक चेलाही आला. त्यानं बाही वर करून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. एकदा 'ऊंऽऽऽ' करायला त्यानं नकार दिला होता, त्याचं फळ. बाई संतापल्या. पोरांवर नाही. इतकी वर्षं ही सगळी पोरं कुठे उभी होती, आणि आपण कुठे बघत होतो, यावर.

संघ आता कोणी निवडत नव्हतं, चिठ्ठ्या टाकून पडायचे. मधल्या सुट्टीत जिन्याखाली, नळापाशी, वर्गांच्या मागे शिक्षकांच्या, अगदी होईलसरांच्याही, पाळ्या लागल्या. चहा निवतो म्हणून बरीच कुरकुर झाली. निवू दे.

आणि मुलगा परत आला. बाईंना वाटलं होतं, आता सगळे त्याच्याभोवती गोळा होतील. कसलं काय! पहिले काही दिवस कोणी त्याच्याशी बोलेना. जो तो नजर चुकवत होता. बाईंच्या मनात येई, एकेकाला धरून गदागदा हलवावं. पण त्यांनी कसाबसा धीर धरला. एक दिवस शेजारचा मित्र शाळेच्या आतही त्याच्याशी बोलला. पुढे चेंडूच्या खेळात चिठ्ठीनं त्याचा नंबर लागला.

पहिलाच सोपा झेल त्याच्या हातून सुटला. "अरे ए! हात आहेत की चमचे?" पलीकडून एकजण ओरडला आणि चारपाचजण हसले.

झालं! बाई पदर खोचून निघाल्या. अर्ध्या मैदानापर्यंत पोचल्या असतील, तोवर मुलगा उलट ओरडला, "चमचेच आहेत! तू पोटभर हसून घे, पुढचा तुझ्याकडे मारतोय!" तो ओरडणारा पुन्हा हसला, हाही हसला, आणि दोघं चेंडूमागे पळाले.

बाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. आवेशानं आल्या होत्या, आता त्या आवेशाचं करायचं काय? त्यांनी चहूकडे नजर फिरवली. कुंपणापाशी होईलसर खेळ बघत उभे होते.

"सर! जिना सोडून इथे काय करताय?"

सगळं मैदान हसलं. सर चष्मा सावरत जिन्याकडे चालायला लागले.